बाराव्या तुकड्यातले ओठ

रोममधल्या त्या तळघरातल्या स्टुडिओत एर्सिलिया सकाळपासून माइकसमोर उसासे टाकत होती. सिनेमातली ही तिची या वर्षातली पाचवी बायको. पाचही जणी जुन्या काळच्या, म्हाताऱ्या व्यापाऱ्यांच्या गळ्यात बांधलेल्या, आणि संन्यासी खिडकीतून आत शिरला की खुदुखुदू हसणाऱ्या. पडद्यावर अंग दुसरीचं, आवाज हिचा.

साडेतीन झाले होते. चारच्या आत लेकीला, देलियाला, नेलं नाही तर पाळणाघरातून नाव काढू, असं तिथल्या मोठ्या सिस्टरनी काल तिसऱ्यांदा बजावलं होतं. पाळणाघर सुटलं की हे कामही सुटलंच.

"बारावा तुकडा, पुन्हा!" काचेपलीकडून बाल्दिनी ओरडला. डबिंग त्याच्या हाताखाली चाले.

"या ना ब्रदर, शिडी भक्कम आहे," एर्सिलिया लाडात म्हणाली.

"ओठ बसत नाहीत गं! सिनेमा आंधळ्यांसाठी काढलाय का?"

"ती काय बोलतेय तेच कळत नाही, साहेब."

"बोलतेय कुठली! आकडे मोजत असेल. सगळ्या मोजतात."

खरंच होतं ते. शूटिंगला आवाज घेतच नसत, त्यामुळे नट्यांना संवाद पाठ करायची गरज नसे. कॅमेऱ्यासमोर एकवीस, बावीस म्हणायचं. शब्द मागाहून इथे चिकटत.

सात वेळा झालं. आठव्यांदा एर्सिलियानं कागद खाली ठेवला आणि नुसतं बघितलं. बाईची नजर संन्याशाकडे नव्हतीच, कॅमेऱ्यामागे कुणाकडे तरी होती. छातीवर आडवा हात दाबलेला. नखरा नव्हता तो. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या परीक्षेत, ब्लाउज भिजत असताना, ती स्वतः अशीच बसली होती.

तुकडा पुन्हा फिरला. ओठांवर नजर ठेवून ती हळूच म्हणाली, "बास करा ना. दूध भरून आलंय. बाळ रडत असेल."

एकूण एक अक्षर बसलं.

बाल्दिनी टेबल बडवत हसला. "अगं सटवे! संन्याशाला बाळ म्हणतेस! लोक थिएटर डोक्यावर घेतील. हेच ठेवायचं!"

"नको हो. ती खरंच म्हणतेय ते. बाळंतीण आहे ती."

"असू दे की. ओठ बसले ना? आता जरा लाडात म्हण, शेवटी हस, आणि सूट. नाहीतर जुन्याच ओळीवर सहापर्यंत बसू. बोल."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. चाराला दहा कमी. पडद्यावर ती बाई पुन्हा तोंड उघडायच्या बेतात होती.

एर्सिलियानं ते लाडात म्हटलं. शेवटी हसलीही, एकाच दमात, छान.

गल्लीपलीकडे पाळणाघराचं दार अजून उघडं होतं. सिस्टरनी देलियाला पुढे केलं. "आज बऱ्या वेळेवर सुटलात!"

"हो," ती म्हणाली, आणि लेकीच्या कोटाची बटणं लावत बसली. एक बटण काही केल्या लागेना.