पाळण्यात कडबा

मी एक जुना पाळणा आहे, आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर एक गोंधळलेला पाळणा आहे. माझं निम्मं आयुष्य बाळांना झोके देण्यात गेलं आणि उरलेलं एका प्रश्नात. तो प्रश्न तुम्हांला सोडवता आला तर बघा.

मी जळकोटचा. कल्याणप्पा सुतारानं मला सागवानात घडवलं. कठड्यावर हिरवे राघू रंगवले, त्यातल्या एकाला चोच द्यायची राहिली, ती राहिलीच! मुक्काम शारदाकाकूंच्या घरी, पण मी होतो सगळ्या गल्लीचा. बारसं कुणाचंही असो, मला उचलून न्यायचे. शेजारच्या शरिफाबींची नातवंडंही माझ्यातच वाढली. बायका म्हणायच्या, "पाळणा लई गुणाचा. लेकरू टाकलं की झोपतंय!" ऐकून मी असा फुगायचो, की पावसाळ्यात लाकूड काय फुगेल!

आमच्याकडं एक नियम आहे. रिकामा पाळणा हलवायचा नाही. अपशकुन होतो म्हणतात. म्हणून बारशाला बाळाच्या आधी चटणी वाटायचा वरवंटा धुऊन, त्याला टोपडं घालून माझ्यात निजवायचे. बाळ वरवंट्यासारखं टणक व्हावं म्हणून. मग खरं बाळ यायचं.

या बहुतेक बाळांना जगात पहिल्यांदा हातात घेतलं ते प्रेमलाबाईंनी. निजामाचा अंमल जाऊन थोडीच वर्षं झाली होती. गावात नवा दवाखाना आला आणि त्याबरोबर या नर्सबाई. त्या ख्रिस्ती, जालन्याकडच्या. गावात त्यांच्या धर्माचं दुसरं कुणीच नव्हतं. दर नाताळला त्या आईकडं जायच्या. मी सांगतोय त्या वर्षी पावसाळ्यात त्यांची आई वारली. निदान सोलापूरला चर्चमध्ये तरी जावं असं त्यांनी ठरवलं होतं, पण शारदाकाकूंची सून अयोध्या, तिचे दिवस भरत आलेले. "पहिलटकरीण आहे, हिला सोडून कशी जाऊ?" म्हणून नर्सबाई राहिल्या. आणि त्या कुठला सण सोडून राहिल्या, हे कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही!

नाताळच्या दुपारी शरिफाबी डोळ्यांचं औषध आणायला नर्सबाईंच्या खोलीवर गेल्या आणि तरातरा काकूंकडं आल्या. मी माळ्यावरून सगळं ऐकत होतो.

"शारदाबाई, नर्सबाई रडाय लागल्यात."

"का? कोण काय बोललं?"

"कोणच काय बोललं न्हाय, त्येच तर! आज त्यांचा सण हाय. त्यांचं येशूबाळ, म्हंजी आमचे ईसा, आज जलमले. आन् घरात ना चूल पेटली, ना माणूस."

"अगं बाई! देवाचा जन्म आन् पाळणासुदिक बांधला न्हाय?" काकूंनी वर माझ्याकडं बघितलं आणि तिथंच अडखळल्या. बाळ व्हायच्या आधी पाळणा खाली काढत नाहीत. अयोध्या उंबऱ्यात बसली होती, तीच म्हणाली, "न्या की आत्याबाई. माझ्यापायीच राहिल्यात त्या."

अशी माझी वरात दिवेलागणीला नर्सबाईंच्या दारात!

"हे काय हो?" नर्सबाई बघतच राहिल्या.

"बारसं हाय. सरका बाजूला," काकू म्हणाल्या.

मला आढ्याला टांगलं. टोपडं घातलेला वरवंटा आत निजवला. नर्सबाईंना खुदकन हसू आलं आणि लगेच चेहरा उतरला.

"काकू, रागावू नका. आमच्यात देवाच्या जागी असं काही ठेवत नाहीत."

"न्हाय तर न्हाय. मला चटणी वाटायचीच हाय." काकूंनी वरवंटा काखेत मारला. "पर रिकामा पाळणा हलवायचा कसा? घरात पोटुशी हाय."

माझी तर पंचाईतच झाली. बाळाविना आलो, आता वरवंटाही गेला!

नर्सबाई हळूच म्हणाल्या, "खरं तर त्या बाळाला पाळणा मिळालाच नव्हता. परगावी कुणी जागा दिली नाही. मरियेनं त्याला गव्हाणीत निजवलं."

"बैलाच्या गव्हाणीत? कसलं मेलं गाव ते! आन् सुईण कोण होती?" काकूंनी विचारलं.

नर्सबाई थबकल्या. "आमच्या शास्त्रात, बायबलात, लिहिलेलं नाही. कुणी बाईमाणूस असेल असं वाटत नाही."

"मरियमबी एकलीच होती," शरिफाबी म्हणाल्या. "आमच्यात बी सांगत्यात."

नर्सबाई खाटेवर बसल्या. "इतकी बाळंतपणं केली, पण हे कधी मनातच आलं नाही. सकाळपासून देवाला म्हणतेय, माझं इथं कुणी नाही, तू तरी ये. आणि तो पहिल्यांदा आला तोच मुळी जिथं कुणी नव्हतं तिथं."

शरिफाबी उठल्या, आपल्या शेळीपुढचा मूठभर कडबा घेऊन आल्या आणि माझ्यात पसरला. "घ्या. गव्हाण म्हणलं की कडबा आला. आता न्हाय रिकामा."

राघू रंगवलेला सागवानी मी, आणि माझ्यात शेळीचा कडबा! मी पाळणा की गव्हाण? मला काहीच उमजेना. काकूंनी दोरी नर्सबाईंच्या हातात दिली. त्यांनी शास्त्र उघडलं. दर वर्षी आई वाचायची ती गोष्ट या वेळी त्यांनी स्वतः मोठ्यानं वाचली. मग आई गायची तो पाळणा म्हटला. काकूंना आणि शरिफाबींना शब्द येत नव्हते, पण 'जो जो' कुणाला येत नाही? नर्सबाईंच्या डोळ्यांत पाणी होतंच, पण बारशाला आजीच्या डोळ्यांत येतं ना, तसलं.

पुढं अयोध्येला मुलगी झाली. आधी नर्सबाईंच्या हातात आली, मग माझ्यात. नर्सबाई होत्या तोवर दर नाताळला मी कडबा घेऊन त्यांच्या आढ्याला असायचो. मग त्यांची बदली झाली. गावात लोखंडी पाळणे आले. आता मी माळ्यावर आहे, माझ्यात कांदे ठेवलेत. फळीच्या फटीत कडब्याची एक काडी अजून अडकलेली आहे.

मित्रांनो, जमलं तर मला खाली उतरवा, धूळ पुसा. नाहीच जमलं तर निदान एवढं करा. आपल्या सणाला सगळेच हिंडतात, तुम्ही दुसऱ्याच्या सणाला गल्लीतून एक चक्कर मारा. कुणाची चूल पेटली नसेल तर आत जा. हातात काय आहे ते बघू नका. आम्ही तर वरवंटा घेऊन गेलो होतो!

आणि माझा प्रश्न? रिकामा पाळणा हलवला की वाईट होतं म्हणतात. त्या संध्याकाळी मला पुष्कळ हलवलं, आणि सगळ्यांचं चांगलंच झालं. मग मी रिकामा नव्हतोच का? माझ्यात कोण होतं? मला आठवतं ते इतकंच, की बाळ असल्यावर माझ्या दोऱ्या करकरतात, तशाच त्या करकरत होत्या.