पडद्यावर शून्य पॉइंट एक

बावीस वर्षं मी नवजात बाळांच्या वॉर्डात आहे. इतक्या वर्षांत मी कुणाला घाबरले नाही, पण त्या दुपारी घाबरले, खोटं कशाला बोलू!

आमचा दवाखाना देशपांडे नगरात. पूर्वी डॉक्टर चिठ्ठीवर डोस लिहायचे. मी तो मोठ्यानं वाचायची, दुसरी सिस्टर ज्योती सिरिंज बघून परत म्हणायची आणि मगच औषध बाळाच्या तोंडात जायचं. गेल्या महिन्यात कॉम्प्युटर आला आणि चिठ्ठ्या गेल्या. डॉक्टर त्यांच्या खोलीत फॉर्म भरतात, आमच्या पडद्यावर यादी येते. मोठ्यानं वाचणंही बंद पडलं. पडद्यावर लिहिलेलं काय वाचायचं, असं मीच म्हटलं होतं, शहाणी!

कलघटगी गावाहून आलेल्या सरिताचं बाळ सव्वा किलोचं होतं. हृदयाच्या औषधाचा पहिला डोस सकाळी दहाला होता. यादीत ०.१ मिली दिसलं. एवढ्याशा जीवाला जास्त वाटलं मला, खरंच वाटलं. पण यादीत आहे म्हटल्यावर मी भरलं आणि दिलं.

दोन वाजता मॉनिटर ओरडायला लागला. दीडशेचे ठोके ब्याण्णववर आले होते. डॉक्टर संजीव धावत आले.

"सिस्टर, सकाळचं औषध येष्टु कोट्री? किती दिलंत?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हातातल्या टॅबवर पाहिलं. "०.०५. डोस बरोबर आहे. मग इन्फेक्शनच असणार. पाठीत सुई घालून पाणी काढू या, तपासायला. ज्योती, तयारी कर."

पॉइंट शून्य पाच? मी कोपऱ्यात जाऊन आमचा पडदा पाहिला. ०.१ च होतं. फॉर्म बनवणाऱ्या सुरजला तिथनंच फोन लावला.

"यादीत जागा कमी होती अक्का, म्हणून पॉइंटनंतर एकच आकडा ठेवलाय. पाच किंवा त्यापुढं असलं की वरचा आकडा दाखवतं ते. आत मात्र ०.०५ बरोबर आहे."

"आतलं बाळाला दिसतंय काय रे, मूर्खा! मी दुप्पट दिलंय!"

तो हळू आवाजात म्हणाला, "रेकॉर्डला ०.०५ दिलं असंच आहे अक्का. तुम्ही बोलला नाहीत तर कुणाला कळणार नाही."

खरं होतं त्याचं. माझी नोकरी, माझं नाव, सगळं शाबूत राहिलं असतं. तिकडं ज्योतीनं बाळाला कुशीवर वळवलं होतं आणि डॉक्टर हातमोजे चढवत होते. मॉनिटरवर अठ्ठ्याऐंशी झाले.

"थांबा!" मी ओरडले. "सर, मी ०.१ दिलंय. माझ्या हातानं, आमच्या पडद्यावर तेवढंच दिसतंय. सुई घालू नका."

डॉक्टरांनी माझ्याकडं असं पाहिलं की जमीन फाटली असती तर बरं झालं असतं. मग त्यांनी दुपारचा डोस बंद केला, रक्त तपासायला पाठवलं, दुसरं औषध सुरू केलं. ज्योती आणि मी खाटेजवळनं हललो नाही. सत्त्याऐंशी. नव्वद. परत अठ्ठ्याऐंशी. साडेचारला शंभर झाले, सहाला एकशे अठरा. तेव्हा मला रडू फुटलं.

"आता आईला सांगून घाबरवू नका," डॉक्टर म्हणाले. "मी फॉर्म दुरुस्त करून घेतो."

मी त्यांचं ऐकलं नाही. सरिता बाहेर बाकावर बसली होती. तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं, आकड्यांसकट. माझं चुकलं, असंही म्हटलं. ती कितीतरी वेळ माझ्या हातांकडं बघत राहिली.

"अक्का, बाळ जगलं ते तुम्ही बोललात म्हणून," ती म्हणाली. "पण उद्यापासून त्याला औषध द्यायला तुम्ही येऊ नका."

मी "बरं" म्हटलं.