कापूस भरलेली जागा

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. पण चौकातला, घोड्यावर बसलेला नव्हे. मला हात नाहीत, पाय नाहीत, घोडा तर नाहीच. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला, मानेपासून मांड्यांपर्यंतचा. माझं पोट झाकणासारखं उघडतं आणि आतले अवयव एकेक करून बाहेर काढता येतात.

एका कारखान्यात मला साच्यात ओतलं. रंगवणाऱ्या बाईंचा हात फार हलका होता. हृदय, फुफ्फुसं, यकृत, सगळं रंगवून झाल्यावर शेवटी त्यांनी ओटीपोटाचे दोन तुकडे हातात घेतले, एक पुरुषाचा आणि एक स्त्रीचा. त्यातला जो बसवाल, त्यावर मी मामा की मावशी ते ठरायचं. स्त्रीच्या तुकड्यात मुठीएवढं गर्भाशय होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक नळ्या होत्या. त्या नळ्या रंगवताना बाई श्वाससुद्धा जपून घेत होत्या.

शाळेत माझं भारी कौतुक झालं. विज्ञानाच्या बाई मला मऊ फडक्याने पुसायच्या. मुलं फुफ्फुसं उलटी बसवायची, जठरात खडू लपवायची. मला त्याचा राग येत नसे. पण एकदा हेडमास्तर फेरी मारत आले, माझ्या उघड्या पोटाकडे बघून कानकोंडे झाले आणि ते दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवून गेले. खाली आधार उरला नाही, तशी माझी आतडी घसरू लागली, म्हणून बाईंनी त्या जागी कापूस कोंबला. पुढे वर्षानुवर्षं मुलं मला बघून हेच शिकली, की माणसाच्या पोटात सगळ्यात खाली कापूस असतो.

मग ती मुलगी आली. दहावीतली, मागच्या बाकावर बसणारी, स्वतःहून कधी न बोलणारी. त्या दिवशी मात्र ती उठून माझ्यापाशी आली आणि कापसावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, माझ्या ताईच्या नळ्यांना सूज आलीय. डॉक्टर म्हणाल्या, संबंधातून झालंय, दोघांनी गोळ्या घ्यायच्या. भावोजी म्हणतात, मला काय झालंय? ताईनं विचारून यायला सांगितलंय, त्या नळ्या कुठं असतात, आणि दुखायचं थांबलं तर गोळ्या बंद केल्या तर चालतील का?"

वर्ग खुसखुसला. बाईंना उत्तर येत होतं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, फळा उगाच दोनदा पुसला आणि म्हणाल्या, "असलं घरी विचारायचं असतं." मुलगी खाली मान घालून जागेवर गेली. ताईने तिला शाळेत विचारायला पाठवलं होतं आणि शाळेने तिला घरी पाठवलं. तिच्यासाठी मला इतकं वाईट वाटलं, पण माझ्या छातीतलं हृदय प्लास्टिकचं, ते नुसतं जागेवर बसून राहिलं.

नंतर ती बरेच दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा प्रयोगशाळेत बाई एकट्याच होत्या. ताईचं दुखणं मध्ये थांबलं होतं, म्हणून तिने गोळ्या अर्ध्यावर सोडल्या. भावोजींनी तर घेतल्याच नव्हत्या, आणि तोवर त्यांना संबंधाला नको म्हणता येतं हे ताईला कुणी सांगितलं नव्हतं. आत पूची गाठ झाली, ती फुटली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण गर्भाशय आणि दोन्ही नळ्या काढाव्या लागल्या. मुलगी हे सगळं सपाट आवाजात सांगत होती.

ते ऐकून बाई तडक हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. परत आल्या तेव्हा कागदात गुंडाळलेले माझे तुकडे त्यांच्या हातात होते. कापूस घट्ट बसला होता, तो त्यांनी चिमट्याने ओढून ओढून काढला आणि स्त्रीचा तुकडा माझ्यात बसवला. मग मुलीला जवळ घेऊन एकेका भागाला नावाने हाक मारल्यासारखं सांगत गेल्या. ही योनी. हे गर्भाशयाचं तोंड. हे गर्भाशय. या बीजवाहिन्या, म्हणजे त्या नळ्या, इथं सूज येते. दुखणं थांबलं तरी गोळ्या पुऱ्या करायच्या. नवऱ्यानेही घ्यायच्या, आणि दोघांचा इलाज होईपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत. एरवी निरोध वापरा म्हणायचा आणि नको म्हणायचा बाईला पुरेपूर हक्क असतो. एकही शब्द बाईंनी गाळला नाही.

मुलीने नळीवरून हलकेच बोट फिरवलं. "एवढीशीच असते?"

"हो."

"हे सांगायला कितीसा वेळ लागला, बाई?"

बाई रडत होत्या.

आता दरवर्षी त्या मला पूर्ण उघडतात आणि सगळं सांगतात. मी पुन्हा मामा झालो, मावशी झाले, पण त्या ताईच्या पोटातली ती जागा रिकामीच राहिली. मित्रांनो, मी जुना झालोय. माझा रंग उडाला, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. फक्त माझा एकही तुकडा कपाटात ठेवू नका. आणि कुणी घाबरत घाबरत काही विचारायला आलं, तर तिला उत्तर देऊन घरी पाठवा. घरी कुणीतरी तिची वाट बघत असतं.