राजाची विसरलेली ओळ

मित्रांनो, मी प्रॉम्प्टरची जुनी पेटी. जर्मनीतल्या एका लहान शहराच्या ऑपेराघरात, रंगमंचाच्या पुढच्या कडेला, माझा जन्म गेला. प्रेक्षकांना दिसायची ती फक्त माझी पाठ. आत बसून गेर्लिंडबाई गायकांना पुढचे शब्द हळूच पुरवायच्या.

त्यांचा लाडका गायक एकार्ट विस्नर. त्याचा भारदस्त आवाज खाली उतरला की माझ्या फळ्या थरथरत. आधी त्याच्या वाट्याला पहारेकरी आले, मग खलनायक, मग राजे. बेकरीवालीसुद्धा "महाराज, पाव किती देऊ?" म्हणून चिडवायची. शब्द पुरवायची वेळ त्याने कधी आणली नाही.

"तुझ्या कृपेने माझे मोजे विणून होतात रे," बाई म्हणायच्या.

"मग मलाही एक जोड दे की, गेर्लिंड," तो म्हणायचा.

नोकरीच्या चौदाव्या वर्षी तो विसरू लागला. आधी एखादा शब्द, मग ओळीच्या ओळी. तो हंगाम निभावला असता तर नियमाप्रमाणे नोकरी कायम झाली असती, मग कोणी त्याला काढू शकलं नसतं. बाईंनी विणकाम गुंडाळून ठेवलं आणि प्रत्येक ओळ त्याच्याआधी ओठांवर आणली. संचालकांनी विचारलं, तेव्हा "त्याला काय धाड भरलीय?" म्हणून त्यांना वाटेला लावलं.

आमच्याकडे रिवाज आहे. पडदा उघडण्यापूर्वी खांद्यावरून थुंकल्यासारखं करून शुभेच्छा द्यायच्या, आणि घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. मानले तर प्रयोगाचा घात होतो. एकार्ट हे इतकं पाळायचा, की प्रयोगाच्या दिवशी कुणी मीठ पुढे केलं तरी गप्प राहायचा.

हंगामाचा शेवटचा प्रयोग होता. म्हातारा राजा मुलीच्या प्रेतापाशी उभा होता. वाद्यं थांबली, आणि तोही थांबला. बाईंनी ओळ दिली. पुन्हा दिली. तो पुढे आला, वाकून माझ्यात डोकावला आणि भरल्या सभागृहात अदबीने म्हणाला, "आभारी आहे, बाई. आपण कोण?"

लोक हसले. संचालक हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी एकार्टच्या रंगभूषेच्या खोलीवरची नावाची पाटी निघाली.

पुढे तो अंथरुणाला खिळला. बाई रविवारी त्याच्या उशाशी जाऊन बसायच्या आणि त्याच्याच ओळी त्याला सांगायच्या, असं सफाईवाल्या बोलायच्या. त्याला त्यांची ओळख मात्र पटली नाही. आता दोघंही नाहीत. मी तळघरात आहे, माझ्यावर रंगाचे डबे ठेवतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी आपली ओळ विसरेल. हसू नका. शब्द द्या, पुन्हा द्या. तुम्ही कोण, असं त्याने विचारलं तरी जागा सोडू नका. बाईंनी सोडली नव्हती.