शाळेमागची मोकळी जागा

मंत्र्यांच्या बायकोने शाळेला चष्मे दिले, तेव्हा मोठ्या बाईंना काही वाटलं नव्हतं. शिलाई यंत्रं आली, तेव्हाही चार गोड शब्द बोलून त्या मोकळ्या झाल्या. पण या खेपेला वहिनीसाहेब फोटोवाल्यांशिवाय आल्या. वर्गांकडे ढुंकूनही न बघता थेट शाळेमागच्या मोकळ्या जागेत गेल्या. तिथे मुली दोरीउड्या मारत होत्या.

"ही जागा कागदोपत्री कुणाची?" वहिनीसाहेबांनी विचारलं.

"नगरपालिकेची. वापरतो आम्ही," मोठ्या बाई तोलून मापून म्हणाल्या. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत त्यांचे केस पिकले होते. फुकटचं देणारा कधीतरी मागायला येतोच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यात चित्रकलेच्या बाईंनी तेल ओतलं. "रविवारी इथे दोघं टेप लावून मोजत होते. सोबत साहेबांचा मेहुणा होता. दुकानांची रांग काढायचीय म्हणे."

मेहुणा म्हणजे वहिनीसाहेबांचा सख्खा भाऊ. मोठ्या बाईंना आता आधीच्या चष्म्यांतही काळंबेरं दिसायला लागलं. घरी जेवताना नवरा म्हणाला, "अगं, दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत."

"गाय गोठाच मागायला आलीय," त्या म्हणाल्या आणि ताट बाजूला सारलं.

पुढच्या भेटीत वहिनीसाहेबांनी त्या जागेवर बालवर्गासाठी खोल्या बांधून द्यायचा विषय काढला. मोठ्या बाईंनी ऑफिसचं दार लावून घेतलं.

"खोल्या बालवर्गाच्या की दुकानांच्या? तुमचे बंधू मोजणी करून गेलेत."

वहिनीसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणूनच घाई आहे. जागेवर डोळा माझ्या भावाचा आहे. साहेबांना त्याला नाही म्हणता येत नाही, आणि मला दोघांनाही. घरात बोलले तर मी भावाची वैरीण. साहेबांनी चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने जागा शाळेला दिली, तर प्रश्न मिटेल. नगरपालिकेत त्यांच्या शब्दाबाहेर कोण जातं?"

"आणि हाही तुम्हा भावंडांचाच डाव नाही कशावरून?"

"कशावरूनच नाही," वहिनीसाहेब म्हणाल्या. "मी तुमच्या जागी असते तर माझ्यावर विश्वास ठेवला नसता."

मोठ्या बाईंनी ठेवलाही नाही. पण हातावर हात धरून बसलं तर दुकानं होणारच होती. त्या हो म्हणाल्या.

पायाभरणीला सगळं गाव लोटलं. बायकोने लिहून दिलेलं भाषण मंत्री झोकात वाचत होते. मेहुणा पहिल्या रांगेत पाय हलवत बसला होता. "आणि ही जागा मी..." इथवर आले आणि मंत्री थांबले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती समोरच्या मुलींकडे बघत होती. मंत्र्यांनी पान उलटायला बोट ओलं केलं.

ते वाक्य गिळणार, हे मोठ्या बाईंनी ओळखलं. त्या उठल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. मुलींना तेवढंच हवं होतं. मागून पालकही उभे राहिले. टाळ्या थांबेनात, तेव्हा मंत्र्यांनी घाम पुसला आणि वाक्य पुरं केलं: "...कायमची शाळेच्या नावे करवून घेतो." मेहुण्याचा पाय हलायचा थांबला.

उतरताना मंत्री हसत मोठ्या बाईंच्या कानाशी म्हणाले, "भाषण हिनं लिहिलं की तुम्ही?"

"आम्हाला तर वाटलं, तुम्हीच."

खोल्या झाल्या, जागेचा कागदही शाळेच्या नावे झाला. आता वहिनीसाहेब क्वचितच येतात. त्यांना दोन्ही घरी बरंच ऐकून घ्यावं लागलं, असं चित्रकलेच्या बाई सांगतात. मोठ्या बाईंना वाईट वाटतं. तरीही वहिनीसाहेब आल्या की पुढे होऊन त्यांचा हात हातात घेताना, गाडीत आणखी कोण बसलंय, हे त्या आधी पाहून घेतात.