पुलावरचं माहेर

आमच्या हिला रागावून माहेरी जायची सोय नव्हती. आई लवकर गेलेली, भाऊ-बहीण कुणी नाही. वडील नावाडी. भरल्या नदीत होडी उलटली त्यात गेले, देहसुद्धा सापडला नाही. बुडालेल्यांच्या स्मरणार्थ सरकारने पुढे तिथेच पूल बांधला आणि कठड्यात दगड बसवून सगळ्यांची नावं कोरली. त्यात सासऱ्यांचंही आहे. आमचं भांडण झालं की ही पिशवी उचलायची, "मी माहेरी चालले" म्हणायची आणि त्या दगडापाशी जाऊन उभी राहायची. राग निवला की मी आणायला जायचो. येताना दोघंही बोलत नसू, पण पिशवी माझ्या हातात असायची.

उन्हाळ्यात ही कायमचीच गेली. लगेच पूल रुंद करायचं निघालं. कठडा पाडायचा, दगड गोदामात ठेवायचा, नंतर योग्य जागी बसवायचा. योग्य जागा कुठली, ते कुणालाच सांगता येईना. काम सुरू झालं त्या सकाळी मी खुर्ची नेली आणि दगडाला पाठ लावून बसलो.

कामावरच्या साहेबांनी डोकं चालवलं. मला उठवायला माझ्याच जावयांना पाठवलं. ते या कामावर इंजिनिअर. मुलीने त्यांच्याबरोबर डबा दिला होता आणि निरोप, की बाबांना म्हणावं, हसं करून घेऊ नका. डबा मी ठेवून घेतला, निरोप परत पाठवला.

जावई शेजारी उकिडवे बसले. मजूर खोळंबलेत, गाड्या अडल्यात, साहेब तोंड सोडतात, सगळं सांगून झालं. सासऱ्यापुढे बिचाऱ्यांना धड चिडताही येईना. मग हळूच म्हणाले, "बाबा, आजोबांच्या नावापुरता तुकडा कापून घरी आणून देतो. कुणाला कळणार नाही."

भिंतीवर हिच्या फोटोखाली तो तुकडा मला दिसलासुद्धा. पण होडीतली माणसं मागे ठेवून एकट्या नावाड्याला घरी आणायचं? हिने मला दारात उभं केलं नसतं.

"नावाडी सगळ्यांत शेवटी उतरतो, जावईबापू," मी म्हणालो. "आधी बाकीच्यांची जागा दाखवा."

पोलीस बोलवावे लागतील, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बोलवा. सोडलं की परत इथेच येईन, घरी माझी वाट बघणारं कोण आहे?

मग उठून त्यांनी मशीन बंद करायला सांगितलं.

"आजच्यापुरतं हं, बाबा."

मी म्हटलं, मीसुद्धा रोज आजच्यापुरताच येणार आहे.