दोन पदकांची बुडी

पाहुण्यांच्या संस्थेनं त्यांचं ग्लायडर आम्हाला तीन वर्षांसाठी द्यायचं, आम्ही ते आमच्या समुद्रात फिरवायचं आणि पाण्याच्या तापमानाचे, खारेपणाचे आकडे दोघांनी वाटून घ्यायचे, असा करार होता. ग्लायडर म्हणजे पंख लावलेली माणसाएवढी पिवळी नळी. आपली आपण बुडते, आपली आपण वर येते. अट एकच. आज जहाजावर सगळ्यांसमोर त्यानं नीट बुडी मारायची, नाहीतर ते पाहुण्यांबरोबर परत. मी तर कधीची त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते.

दोरीला बांधून सोडलं, तर ते तरंगतच राहिलं, सुट्टीवर आल्यासारखं.

पाहुण्यांच्या इंजिनिअर बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोघींच्या एकदमच लक्षात आलं. त्यांचा समुद्र कमी खारट, ग्लायडरचं वजन त्याच्याच हिशोबाचं; आमच्या जास्त खारट पाण्यात ते हलकं पडत होतं. आम्ही ते वाढवू असं त्यांनी धरलं होतं, आणि पाहुण्यांच्या वस्तूला हात कसा लावायचा म्हणून आम्ही ते तसंच ठेवलं होतं. दोन्हीकडचा शहाणपणा पाण्यावर तरंगत होता.

शिशाची वजनं किनाऱ्यावर राहिलेली. जहाजावर लोखंडी नटबोल्ट ढीगभर, पण लोखंड जवळ आलं की ग्लायडरचं होकायंत्र बिथरतं. पितळ चालतं. आमच्या संस्थेच्या साहेबांचं भाषण चालू होतं, आणि नोकरीत पहिल्यांदाच ते लांबावं असं मला मनापासून वाटलं. कारण शेजारच्या तबकात पाहुण्यांच्या प्रमुखांना द्यायचं पदक होतं. पितळी, बशीएवढं. मी ते हळूच उचललं. बाईंनी ग्लायडर वर ओढून नाकाचं टोपण उघडलंच होतं.

पुन्हा सोडलं. नाक पाण्यात गेलं, शेपूट वर.

दुसरं पदक साहेबांच्या गळ्यात होतं, तेही पितळी, पाहुण्यांनी नुकतंच घातलेलं. त्यासाठी ऑफिसात त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीत खिळासुद्धा ठोकून झाला होता. मी जाऊन त्यांच्या कानात सांगितलं, "साहेब, तुमच्या गळ्यातलं हवंय. शेपटीला."

साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं, माझ्याकडे तर फारच वेळ पाहिलं. मग पदक काढून माझ्या हातात दिलं आणि भाषणाला नवा मुद्दा जोडला.

या वेळी ग्लायडर सरळ खाली गेलं आणि थोड्या वेळानं शहाण्यासारखं वर आलं. टाळ्या पडल्या. करारावर सह्या झाल्या, दोरी सुटली, ग्लायडर कामाला निघालं. पाहुण्यांच्या प्रमुखांनी पदकासाठी मान पुढे केली. तबक रिकामं.

साहेबांनी शांतपणे समुद्राकडे बोट दाखवलं. "तुमचंही तिथंच आहे, आमचंही तिथंच."

प्रमुखांना आधी कळेना. बाईंनी कानात सांगितल्यावर मात्र ते इतके हसले, की त्यांना कठडा धरावा लागला.

खिळा अजून रिकामाच आहे. ग्लायडर वर येऊन आकडे पाठवतं तेव्हा साहेब माझ्या टेबलाशी येतात. तापमान नंतर विचारतात. आधी विचारतात, "शेपूट ठीक आहे ना?"